प्रश्नचिन्हांना उत्तरं देणारे नाना

आमच्या शेजारचे नाना वेबसाइट वाचत नाहीत, तपासतात. डोळ्याला भिंग लावतात, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक टेकवतात, एकेक अक्षर निरखतात आणि खांद्यावरच्या टॉवेलनं पडदा पुसून निकाल देतात, "सरी. चोख हाय."

भिंग धंद्यातलं. कडेगावच्या आमच्या बाजूची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात आहेत आणि त्यापायी देशभर पांगली आहेत. नानांनी उभा जन्म तमिळनाडूत भट्टीपुढं काढला; 'सरी', म्हणजे 'ठीक', हे तिकडचंच. आता दुकान मुलाकडं, आणि नाना गावातल्या भल्यामोठ्या बंगल्यात एकटे. "बांधलाय तर कुनीतरी ऱ्हायाला नगं व्हय?" असं म्हणतात आणि एकाच खोलीत राहतात. भिंगाची सवय मात्र सुटलेली नाही. गवळ्याचं दूध, यात्रेतली जिलेबी, माझी इंजिनिअरची पदवी, सगळं त्याखालून गेलं आहे. पदवी बघून नुसतं "सरी" म्हणाले. चोख म्हणाले नाहीत.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. जगभरातल्या भाषा दाखवणारी ॲप्लिकेशन्स बनवतो, असं मी लोकांना सांगतो. बायको सांगते, "खोलीत बसून कुणाशी तरी इंग्रजीतनं भांडत्यात." यात्रेआधी गावानं माझ्याकडं वेबसाइट मागितली. परगावच्या गलाईवाल्यांनी तिच्यावर निरोप लिहावेत, गावानं वाचावेत, एवढंच. मी ती झटक्यात केली, नारळ फोडला, हार घालून घेतला.

हार सुकायच्या आत नाना दारात हजर. "इंजनेरा, आमची मीना लय प्रश्न इचारतीया, गड्या."

मीना म्हणजे मीनाक्षी, त्यांची नात. तिकडंच जन्मली, शाळाही तिकडचीच. मराठी घरातल्यापुरती बोलते, लिहिते तमिळमध्ये. तिच्या नावापुढं ओळभर प्रश्नचिन्हं होती आणि त्याखाली नानांचं उत्तर: "हो. बरा हाय. गुडघा न्हाई दुखत. गोळी घेतो. म्हस इकली." प्रत्येक चिन्हाला एक उत्तर द्यायला घेतलं होतं आणि उत्तरं संपली होती.

"आनि काय इचारत आसंल रं?"

माझ्या लगेच लक्षात आलं. पानावर कचरा येऊ नये म्हणून मीच एक गाळणी बसवली होती. मराठी आणि इंग्रजी सोडून दुसरं अक्षर आलं की त्याजागी प्रश्नचिन्ह. जगभरातल्या भाषांचा मी जाणकार, आणि आमच्या गावची नातवंडं तमिळ, कन्नड, मल्याळम लिहितात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाना, आवं हे प्रश्न न्हाईत. तिनं लिवलेलं माझ्या वेबसाइटनं खाल्लं."

"मग काढ की भायेर."

"आता निघत न्हाई. अक्षरं साठवलीच गेली न्हाईत."

"आमी राखंतनं सोनं काढायचो," नाना म्हणाले. "तुझ्या राखंत कायबी न्हाई व्हय?"

मी गाळणी काढून टाकली. नानांनी मीनाला पुन्हा लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं आणि माझ्या लॅपटॉपवर सुरेख तमिळ उमटलं. मी ऐटीत बंगल्यावर गेलो. नानांच्या जुन्या कॉम्प्युटरवर ओळभर चौकोन! नानांनी भिंग लावलं.

"आत बारीक आकडं हायती. पाढं लिवल्यात का पोरीनं?"

"चौकोन आला म्हंजी बरं, नाना. अक्षर शाबूत हाय. ते दाखवायचा फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरकडं न्हाई."

मग मी तमिळ फॉन्ट वेबसाइटलाच जोडला. म्हणजे मला तसं वाटलं. जोडला होता तेलुगू. रोज सकाळी कुंपणावरून नानांची आरोळी यायची, "इल्ले!" आमच्या गल्लीला तमिळमधला 'नाही' तेव्हापासून पाठ आहे. माझी बायकोही हल्ली मला हेच उत्तर देते.

शेवटी एकदाचं जमलं. चौकोन गेले आणि गोल गोल अक्षरं उमटली. नानांनी ती सगळी ओळ भिंगाखालून नेली. "चोख हाय," ते म्हणाले. मी तर फुगलोच.

"वाचा की मग, नाना."

"मला कुठं वाचाया येतंय? बोलाया येतं निस्तं. भट्टीपुढं कसली आलीया शाळा."

ज्या अक्षरांसाठी त्यांनी मला इतकं पळवलं, ती त्यांना वाचताच येत नव्हती. पण इंजिनिअर गप्प बसेल तर शपथ. मी मोबाइल काढला. "थांबा, ह्यो वाचून दाखवंल. मराठीतबी करून देईल."

नानांनी माझा हात धरून खाली केला.

"नगं. फोन लावला की मी इचारतो, जेवलीस का? ती म्हनती, व्हय. मग दोगंबी गप. आता म्हनीन, काय लिवलंयस ते वाचून दाव. ओळ लांब हाय, गड्या. लय येळ पुरंल."

मोबाइल खिशात टाकून मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आत नानांनी फोन स्पीकरवर लावला. पोरगी वाचायला लागली.

"परत वाच, मीना," नाना म्हणत होते. "नीट ऐकू आलं न्हाई."

पायरीवर बसलेल्या मला तिचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.