ग्रोकदादा

कोशकारांच्या तोंडून तो शब्द निसटला तेव्हा त्यांचा घास हातातच होता आणि समोरच्या खुर्चीत वरच्या मजल्यावरचे मेव्हणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, बसले होते. दादा रोज नेमके जेवणाच्या वेळी खाली येत. दारातच "मी जेवून आलोय हं!" असं जाहीर करत आणि मग दोघांचा प्रत्येक घास नजरेनं तोंडापर्यंत पोचवत. त्याच दिवशी इंग्रजी-मराठी कोशाचं काम करताना कोशकारांना एक जुना, अडगळीत पडलेला शब्द सापडला होता. नवा शब्द पोटात ठेवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"दादा, तुम्ही म्हणजे अगदी ग्रोक आहात हो!" ते बोलून गेले.

"म्हणजे काय?"

बायकोनं डोळे वटारले. खरा अर्थ तिला दुपारीच फोनवर ऐकावा लागला होता.

"म्हणजे... ज्याच्या नुसत्या असण्यानं जेवणाला चव येते, असा वडीलधारा माणूस," कोशकारांनी थाप ठोकून दिली.

दादा विरघळले. स्वतःची बायको वारल्यापासून त्यांना इतकं चांगलं कुणी म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे वॉचमनला सांगितलं, मग दूधवाल्याला, मग जिन्यात भेटेल त्याला. बघता बघता अख्खी इमारत त्यांना 'ग्रोकदादा' म्हणू लागली. दादांचा सत्तरीचा वाढदिवस खाली बहिणीच्या घरी ठरला, तेव्हा शेजारी केक घेऊन आले. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं: 'आमचे लाडके ग्रोक'.

"आता गं काय करू?" कोशकार कुजबुजले.

"मुकाट्यानं टाळ्या वाजवा. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर तुमची धडगत नाही!"

तेवढ्यात शेजारच्या इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "छान शब्द आहे. मुळात आला कुठून? उद्या वर्गात शिकवते."

वर्गात! घरात कोशकार खुशाल थापा मारत, पण चुकीचा अर्थ त्यांनी आजवर उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नव्हता.

"मूळ नक्की कुणालाच ठाऊक नाही. जुना, बोलीतला शब्द आहे. आणि अर्थ... मी खोटा सांगितला. कुणी जेवत असताना, आपल्यालाही बोलावतील या आशेनं गप्प बघत बसणाऱ्याला ग्रोक म्हणतात. दादा, माफ करा मला."

दादांनी हातातली सुरी केकशेजारी ठेवली.

"बोलावतील या आशेनं," ते सावकाश म्हणाले. "अर्थ अगदी बरोबर आहे."

"पण तूच तर रोज जेवून आलोय म्हणायचास!" बायको रडवेली झाली.

"अगं, तसं म्हणायचं असतं. मग तुम्ही 'घासभर तरी घ्या' म्हणायचं असतं. एकट्यासाठी काय शिजवायचं, सांग बरं?" ते कोशकारांकडे वळले. "जावईबापू, बघत बसणाऱ्याला शब्द आहे. समोर बसवून न विचारणाऱ्यांना काय म्हणतात?"

कोशकारांनी मनातल्या मनात कोशातली सगळी अक्षरं पालथी घातली, पण शब्द काही सापडेना. त्यांना मनापासून लाज वाटली. बायको मात्र केव्हाच आत गेली होती. तिनं वाढलेलं ताट आणून दादांपुढे ठेवलं आणि त्यांचा हात धरून त्यांना बसवलं.

दादांनी पहिला घास घेतला. डोळे मिटून बराच वेळ चावला.

"छोटे," ते हळूच बहिणीला म्हणाले, "मीठ कमी आहे गं. बघून कळत नव्हतं."