फाटकावरचे नामदेवराव

आमचे शेजारी नामदेवराव होमगार्ड आहेत, आणि ते स्वतःच्या घरात शिरतानाही शिट्टी फुंकतात. घरात दुसरं कुणी नाही. का हो, म्हणून विचारलं तर म्हणतात, "आदत पायजे, गुरुजी. बंदोबस्त म्हंजे बंदोबस्त!"

मी तेलंगणातल्या जैनथकडच्या एका मराठी शाळेत मास्तर. यंदा पैनगंगेला पूर आला, काठावरच्या गावची माणसं आमच्या शाळेत आणून ठेवली आणि फाटकावर नामदेवराव आले. पाणी उतरेपर्यंत कुणाला बाहेर सोडू नका, असं साहेब तोंडी सांगून गेले. मग काय विचारता! चहाला निघालेल्याला "इजाजत?" संडासकडे धावणाऱ्याला "इजाजत?" माझ्याच शाळेच्या फाटकावरून मला दोनदा परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमी कैदी हावो काय? कोन्या कायद्यानं अडवून राह्यले?"

नामदेवराव गडबडले. हळूच माझ्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, मले अडवाचा अधिकार हाय का, पाहा बरं." त्यांनी खिशातून काढून दिलेला तेलुगूतला लेखी हुकूम मी वाचला. बंदोबस्त ठेवा, एवढंच. अडवण्याबद्दल अक्षर नाही. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं.

चौथा दिवस नेमका पोळ्याच्या आदला. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं त्यांना सांगतात. शाळेत आणलेल्यांतल्या लक्ष्मणबाबांची बैलजोडी पाण्यापल्याड माळावर राहिली होती. म्हातारा काठी टेकत फाटकाशी आला. "आवतन नाही देल्लं तं माहे बैल पोयाले जेवतीन कसे? मी पान्यातून जातो."

पाणी कंबरभर, तेही ओढीचं. आता हा माणूस काय करतो, याची मला भारी उत्सुकता. शिट्टी वाजली नाही. दंडुका भिंतीला टेकवून नामदेवरावांनी बाबांचे पाय धरले. "तुमाले अडवाचा मले अधिकार नाही, बाबा. पाया पडतो, जाऊ नोका. आवतन मी देऊन येतो."

आणि खरंच गेले, चारा नेणाऱ्या बोटीतून, फाटकावर मला बसवून. इजाजत कुणाचीच नाही! संध्याकाळी परतले ते खाकी शर्टावर हळदीचे डाग घेऊन. "देल्लं, बाबा. सर्जाच्या कानात दोनदा सांगतलं. ढवळ्यानं मान हालवली."

बाबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "जमादार, उद्या आमच्यासंग जेवाले बसा. पुरन नाही, इथली खिचडीच हाय."

नामदेवराव तोंड फिरवून उभे राहिले. तसेच म्हणाले, "लय वर्षांत कोनी बलावलं नवतं, बाबा."

मी त्यांचा बारा वर्षांचा शेजारी. दर पोळ्याला आमच्या घरी पुरण शिजतं, आणि त्याचा वास त्यांच्या दारापर्यंत जातो.