सासरेबुवांच्या दुधाची फेरतपासणी

"आज बाबांचं दूध पुन्हा नापास झालं ना, तर संध्याकाळी घरी येऊच नका," असं बजावून बायकोनं डेअरीतल्या केमिस्टच्या खिशात पांढराशुभ्र रुमाल कोंबला.

म्हटलं तर सगळा दोष नव्या यंत्राचा. त्यातला दिवा दुधावर अदृश्य किरण सोडायचा, दुधातली प्रथिनं मंद चमकायची, आणि चमक जितकी जास्त तितका आकडा मोठा. काल सासरेबुवांचं दूध जेमतेम चमकलं. सगळ्या गोठेवाल्यांदेखत त्यांचा कॅन परत गेला आणि तेव्हापासून सासरी जावयाचं नाव काढायची सोय उरली नाही.

फेरतपासणीला सासरेबुवा थेट मॅनेजरलाच घेऊन आले. केमिस्टला दरदरून घाम फुटला. त्यात काचेची नळी पुसायचा कागद नेमका संपलेला. त्यानं नळीत दूध भरलं, खिशातल्या रुमालानं ती बाहेरून लख्ख पुसली आणि बटण दाबलं. आकडा चढत चढत पार टोकाजवळ जाऊन थांबला.

"बघा!" सासरेबुवांनी टेबलावर थाप मारली. "माझ्या गाई काय साध्यासुध्या आहेत?"

"एवढं प्रथिन? गाई अंडी घालतात की काय?" मॅनेजर म्हणाले. "अहो, जरा नळाचं पाणी लावून बघा."

केमिस्टनं नळी धुतली, पाणी भरलं, सवयीनं रुमाल फिरवला. पाण्याचा आकडा दुधाच्याही वर गेला.

"वा! आता गाई विका आणि गोठ्यात नळ बांधा!" मॅनेजर सासरेबुवांना म्हणाले.

केमिस्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाळ पुसायला त्यानं रुमाल उचलला, तो यंत्राच्या उघड्या झाकणाजवळून गेला आणि एकदम निळाभोर उजळला.

"साहेब, यंत्र ठीक आहे!" केमिस्टचा जीव भांड्यात पडला. "बायकोनं कपडे धुवायला नवी पावडर आणलीय, उजळवणारं रसायन घातलेली. ही चमक तिची आहे, रुमालावरून नळीला लागली!"

नवा कागद आला. नळी घासूनपुसून पुन्हा दूध लावलं. आकडा कालचाच आला, तसूभरही जास्त नाही.

मॅनेजर खाकरले आणि काहीतरी काम आठवून निघून गेले. केमिस्ट मान खाली घालून उभा राहिला. यंत्र वाचलं होतं, पण घर गेलं होतं.

"बाबा, आता हिला काय सांगू?"

सासरेबुवांनी टेबलावरचा रुमाल उचलला, त्याची नीट घडी घातली आणि जावयाच्या खिशात ठेवून खिसा हलकेच थोपटला.

"सांगा, पावडर उत्तम आहे," ते दाराकडे बघत हळूच म्हणाले. "आणि जावईबापू, उद्यापासून माझ्या दुधाला हाच रुमाल वापरत जा."