‘अस्तर’वर मंडळाचं एकमत

म्हैसूरच्या श्री विठ्ठल रसिक मंडळाची एक जुनी आणि कडक रीत आहे. मंडळाच्या व्यासपीठावर कुणाला गायचं असेल, तर आधी त्याच्या गाण्यावर सभासदांचे अभिप्राय मागवायचे आणि ते अभिप्राय एकमताचे निघाले तरच पडदा उघडायचा. बहुमत चालत नाही. फार पूर्वी एकदा बहुमतानं एका कीर्तनकारांना बोलावलं होतं, तेव्हा अल्पमतातल्या मंडळींनी पूर्वरंगातच बाहेर पंगत मांडली आणि उत्तररंगाला बुवांपुढे नुसत्या सतरंज्या उरल्या. तेव्हापासून मंडळ एकमताशिवाय कुणाला तोंड उघडू देत नाही.

वेंकोबा शिंप्यांना ही रीत पाठ होती. व्यासपीठाचा तो मखमली पडदा तेच शिवत, तेच उसवत आणि उंदरांनी कुरतडला की तेच ठिगळ लावत. गाणारे येत, शाल-नारळ घेऊन जात आणि वेंकोबा विंगेत सुईदोरा घेऊन उभे राहत. आता एकच हौस उरली होती. त्या पडद्यापुढे आपली नागरत्ना गाताना बघायची, आणि तेही पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून.

नागरत्ना त्यांची एकुलती एक मुलगी. आठवडाभर कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसायची आणि सुटीच्या दिवशी खोलीच्या खिडकीला गोधडी टांगून गाणी करायची. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. अशा आठ गाण्यांचा तिनं अल्बम केला आणि त्याला नाव दिलं ‘अस्तर’. घरातल्या बायकांच्या तोंडच्या ओव्या, घरात बोलतात तशी कानडी मिसळलेली मराठी आणि त्यावर हलकं हलकं काहीतरी वाजवलेलं. धुक्यात कुणी गुणगुणत चाललंय असं वाटतं म्हणे.

“अप्पा, आधी तुम्ही ऐका,” ती म्हणाली.

“ऐकतो की गं. घाई काय? चार लोक काय म्हणतात ते येऊ दे आधी.”

त्यांचा धंदाच तसा पडला. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहिलं की शिंप्यानं आपलं मत टाचण्यांबरोबर दातात धरून ठेवायचं असतं. गिऱ्हाईक ‘छान’ म्हणालं तर छान, ‘ढगळ’ म्हणालं तर ढगळ. या तत्त्वावर वेंकोबांनी उभा जन्म काढला होता आणि त्यात कुणाशी भांडण म्हणून झालं नव्हतं.

नागरत्नानं मग अल्बम मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “ऐकून सांगा.” मंडळींनी त्यातलं ‘सांगा’ तेवढं मनावर घेतलं. पहिल्या गाण्यात तिनं तोंड उघडण्याच्या आत अभिप्राय यायला लागले.

जयलक्ष्मीपुरमच्या सुमित्राबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी लिहिलं, “प्रयत्न स्तुत्य. शब्द कळत नाहीत.” कडकोळच्या कारखान्यात बदलून आलेले, मूळचे साताऱ्याचे गंगाधरराव म्हणाले, “शब्द कळतात, पण याला मराठी म्हणवत नाही.” मंडळाचे अध्यक्ष दामोदरराव म्हणाले, “नोकरी सांभाळून केले हे विशेष,” आणि पुढे हात जोडले. पोरासोरांनी आगीच्या चित्रांची रांग लावली. शेजारच्या शांताक्कांना ग्रुपमध्ये कुणी घेतलेलं नव्हतं, त्या कंपाउंडवरूनच ओरडल्या, “चेन्नागिदे पुट्टी, छान आहे! पण एवढं सावकाश कशाला म्हणतेस? तिसऱ्या गाण्याला माझा डोळाच लागला!” शांताक्का सभासद नसल्यामुळे त्यांचा अभिप्राय विचारात घेता आला नाही.

आता पेच पडला. शब्द कळत नाहीत आणि शब्द कळतात, ही दोन मतं एका ठरावात बसेनात. दामोदररावांनी तातडीनं श्रोता-अभिप्राय समन्वय उपसमिती नेमली. सुमित्राबाई, गंगाधरराव आणि ते स्वतः. मग कोटाचं माप द्यायच्या निमित्तानं ते वेंकोबांच्या घराला लागूनच असलेल्या दुकानात आले.

“वेंकोबा, मुलगी आपली आहे. तिला विरोध कुणाचाच नाही. फक्त एकमत तेवढं होत नाही.”

“कुठं अडतंय साहेब?”

“कुठं असं नाही. एकंदरीत.”

एकंदरीत अडणं वेंकोबांना नवीन नव्हतं. लग्नाच्या कोटांचं हेच होतं, नवरदेवाला बरोबर बसतो आणि मामाला खटकतो. ते खुलले. “त्यात काय एवढं! ट्रायल घेऊ की. तुम्ही टोचतंय तिथं बोट ठेवा, पोरगी उसवून देईल.”

दामोदररावांना ही कल्पना फारच आवडली. उपसमितीचा कार्यविस्तार झाला.

घरी नागरत्ना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अप्पा, हे काय ब्लाउज आहे का?”

“ब्लाउज अवघड असतं बाई. हे त्या मानानं सोपंच की.”

“बरं, तुम्हाला कुठं टोचलं ते सांगा. तेवढं मी बदलते. बाकीच्यांचं मला नको.”

वेंकोबा गडबडले. ऐकलंच नव्हतं, तर टोचणार कुठून? पण पोरीला तसं कसं सांगायचं? “मला काय टोचायचंय? घालणार ते. त्यांना बसलं म्हणजे झालं.”

 नागरत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वेंकोबांना दिसलं आणि त्यांनी कात्रीला धार आहे का ते बघायला घेतलं. मग ती एकदम गोड हसली. “होय की. उसवते. ते म्हणतील तेवढं सगळं उसवते.”

हे हसू वेंकोबांनी नीट बघायला हवं होतं.

पहिल्या ट्रायलला तिनं शब्द काढून टाकले. आठही गाण्यांतून नुसतं गुणगुणणं ठेवलं. गंगाधररावांची भाषिक तक्रार जागच्या जागी मिटली. “आता अशुद्ध असं काही राहिलं नाही,” त्यांनी समाधानानं कळवलं. सुमित्राबाई म्हणाल्या, “अर्थ लागत नाही हे खरं, पण चुकीचा अर्थ लागायचीही सोय नाही. मुलांच्या दृष्टीनं हे बरं.”

दुसऱ्या ट्रायलला दामोदररावांना ते गुणगुणणं खटकलं. “कुणी गेल्यासारखं वाटतं हो. मंडळाच्या उत्सवात गायचं, तर हे बरं दिसत नाही.” नागरत्नानं गुणगुणणं काढलं. मग गिटार परकं ठरलं, म्हणून ते गेलं आणि बासरी आली. पण बासरी दामोदररावांचे साडू वाजवतात आणि त्यांना विचारलेलं नव्हतं. तेव्हा बासरीही गेली. मागं घुंगरू होते. घुंगरांबद्दल कुणीच काही म्हटलं नव्हतं, पण कुणी म्हणायच्या आत ते काढलेले बरे, असं उपसमितीनं स्वयंप्रेरणेनं ठरवलं.

प्रत्येक ट्रायलनंतर वेंकोबा शिवण झटकावी तसे हात झटकून म्हणत, “बघ, बसत आलं की नाही?” आणि प्रत्येक वेळी नागरत्ना विचारी, “तुम्ही ऐकलंत अप्पा?” त्यावर वेंकोबांचं उत्तर ठरलेलं. “एकदम फिनिशिंगच बघतो आता.”

अखेर एके दिवशी उपसमितीला आक्षेप घ्यायला काही सापडेना. तिघंही अस्वस्थ झाले, फोन कानाला लावून बराच वेळ बसले. तळाशी टकटक, घर्र असा काहीसा आवाज होता, पण तो पहिल्यापासून तिथं असावा आणि कुणाच्याच लक्षात आला नसावा. शेवटी अभिप्राय एकमतानं मंजूर झाला. “संयत, भारदस्त आणि सर्व थरांतील रसिकांना मानवेल असा अल्बम. कलावतीने श्रोत्यांच्या सूचनांचा आदर राखला, ही बाब तरुण पिढीने घेण्यासारखी आहे.”

वेंकोबांनी त्या रात्री पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून नवा पडदा शिवायला घेतला, डाळिंबी रंगाचा, खाली सोनेरी झालर लावून.

उत्सवाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. वेंकोबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या कोटात, दामोदररावांच्या शेजारी. शांताक्का मागच्या दाराजवळ पानाचा डबा घेऊन बसल्या होत्या. पडदा उघडला. झालर कुठं अडकली नाही, हे वेंकोबांनी आधी बघितलं. मग पोरीकडे बघितलं. हिरवी साडी नेसून ती माइकपुढे उभी होती. तोंड घट्ट मिटलेलं. तिनं वाकून कॉम्प्युटरचं एक बटण दाबलं.

टक टक टक टक. घर्र. थोडी शांतता. पुन्हा टक टक टक.

“वा,” दामोदरराव म्हणाले. सगळ्या रांगेनं माना डोलवल्या. वेंकोबांनीही दामोदररावांच्या मापानं, ना कमी ना जास्त, मान डोलवली.

“काय गांभीर्य आहे!” मागून सुमित्राबाई पुटपुटल्या.

टक टक टक. घर्र. आणि इथं आवाज अडला, पट्टा सरकल्यासारखा. वेंकोबांची मान डोलता डोलता थांबली. हाताचा पंजा आपोआप उचलला गेला, चाकावर थाप मारायला. आणि स्पीकरमधून खरंच थाप ऐकू आली. तिच्यापाठोपाठ अगदी बारीक, वैतागलेला, तरी लाडाचा एक पुरुषी आवाज आला. “चल गं बाई, चल. आजचा दिवस चल.”

वेंकोबा रोज दुपारी आपल्या मशीनशी असंच बोलत. दुसऱ्या कुणाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. भिंतीपलीकडे खोलीत एक पोर लहानाची मोठी झाली होती, तेवढीच.

अरे देवा! आठही गाण्यांच्या खाली हीच घरघर होती. वर तिनं एवढं सगळं शिवलं होतं, आणि आपण ते एकेक टाका धरून उसवायला लावलं.  वेंकोबा उभे राहिले.

“थांबव पोरी. बंद कर ते.”

दामोदररावांनी त्यांच्या कोटाची बाही ओढली. “वेंकोबा, बसा. एकमत झालंय.”

“झालं असेल साहेब. पण मी ऐकलेलं नाही.”

 गाणं वाईट म्हणणारा माणूस मंडळानं पूर्वी पाहिला होता. ‘ऐकलेलं नाही’ म्हणणारा पाहिला नव्हता. गंगाधररावांनी छताकडे बघितलं. सुमित्राबाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. अशा गोष्टी एकानं बोलून दाखवल्या की उरलेल्यांची फार पंचाईत होते.

“पहिल्यांदा केलं होतंस ना, तसं म्हण,” वेंकोबा म्हणाले. “सगळं म्हण. शब्द घालून म्हण.”

दामोदरराव माइकपाशी गेले. आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते. “सभासदांनी कृपया शांतता राखावी. मंडळाच्या नियमांत अभिप्राय देण्याची तरतूद आहे. ऐकण्याची नाही. तशी मागणी असल्यास पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावी.” आणि मग त्यांना सुचलं म्हणून, “तूर्त पानं वाढली आहेत.”

या सूचनेवर मात्र कुठल्याही उपसमितीशिवाय एकमत झालं. सभागृह बघता बघता रिकामं झालं. लिंबू पिळलेल्या चित्रान्न-भाताचा वास आत आला आणि माणसं बाहेर गेली.

उरले वेंकोबा आणि दाराजवळच्या शांताक्का. नागरत्ना स्टेजच्या कडेला येऊन बसली, पाय खाली सोडले आणि गायला लागली. शांताक्का तिसऱ्या गाण्यापर्यंत जाग्या होत्या, मग त्यांचा डोळा लागला. वेंकोबा हात मांडीखाली दाबून बसले होते. ते हलले नाहीत. मधेच एकदा डोळे पुसले, तेवढंच.

आठवं गाणं संपलं. बाहेर पंगतीत ताक वाढत होते.

“अप्पा, कसं वाटलं?”

वेंकोबांनी तोंड उघडलं. सवयीनं एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. दोन्हीकडे खुर्च्याच होत्या. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पुन्हा एकदा म्हणतेस का?”

ती म्हणाली. काय गायली ते मात्र विचारू नका, कारण बाकीचे सगळे जेवत होते.

मंडळाच्या इतिवृत्तात त्या दिवसाची नोंद आहे. “कार्यक्रम उत्तम झाला. श्री. वेंकोबा यांचे मत प्राप्त झाले नाही.” पुढच्या वर्षी पडद्याचं काम दुसऱ्या शिंप्याला दिलं. तो पडदा मधे अडकतो, पण त्याला सगळ्यांची संमती आहे.

आता तुमचं काय? दामोदरराव ढोंगी, सुमित्राबाई शिष्ट, गंगाधररावांना मराठीचा नको तेवढा पुळका, हे तुमचं ठरून गेलं असेल. आणि पोरीची ती मूळची आठ गाणी, ती तर अप्रतिमच, असंही तुम्ही मनाशी म्हणून टाकलंत ना? अहो, पण त्यातलं एक तरी गाणं तुम्ही ऐकलंय का? नाही ना? मग संकोच कसला, या. दामोदररावांच्या शेजारची ती पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामीच आहे. वेंकोबा आता तिथं बसत नाहीत.