पायलला कोरडी परत आणण्याची हकीकत

पाण्याविषयी आपल्याला कोणी चार गोष्टी शिकवाव्यात, अशी वेळ या जन्मी येणार नाही, याबद्दल बळीरामांची खात्री होती. आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता यायचे नाही. दारव्ह्याकडच्या कालव्यावर ते बावीस वर्षे निरीक्षक होते. कोणत्या चारीला किती तास पाणी सोडायचे, ते शेवटच्या वावरात केव्हा पोचेल आणि मधल्यामध्ये कोण चोरील, हे ते घड्याळाकडे न पाहता सांगत. तेव्हा समुद्र झाला तरी शेवटी पाणीच, असे त्यांनी सहलीला निघण्यापूर्वीच जाहीर केले होते.

जाहीर केले ते अर्थात घरातल्या घरात. कापसाच्या त्या वाईट वर्षांत ‘समुद्र पाहायला चाललो’ असे दारव्ह्यात चारचौघांत म्हणण्याची सोय नव्हती. शेजाऱ्यांना त्यांनी लग्नाला जातो म्हणून सांगितले, आणि कोणाचे लग्न, असे विचारताच त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली.

खरी काळजी निराळीच होती. स्वतःची मुलगी उर्वशी हिच्याखेरीज बहिणीची आठ वर्षांची पायलही बरोबर होती. तिचे वडील इंद्रजित मुकुटबनला मास्तर. लहानपणी त्यांचा धाकटा भाऊ तळ्यात बुडून गेला, तेव्हापासून पोरगी विहिरीकडे नुसती पाहू लागली तरी त्यांना घाम फुटे. पोरीला स्वाधीन करताना त्यांनी एकच गोष्ट तीनदा बजावली होती: काठावरून काय पाहायचे ते पाहू द्या, पाण्यात मात्र नेऊ नका. रोज संध्याकाळी सहाला ते फोन करीत आणि खुद्द पोरीलाच विचारीत. बळीरामांनी शब्द दिला होता. आणि घरच्या जावयाला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, दिलेला शब्द मोडला, तर पुढली वीस वर्षे तो प्रत्येक पंगतीत आपल्याच पानावर वाढला जातो, हे त्यांना ठाऊक होते.

पाहायचे होते ते समुद्रातल्या एका खडकावरच्या जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष. भिक्खू जिथे राहिले ती जागा पोरींनी पाहिलीच पाहिजे, हा पत्नी सत्यशीलाबाईंचा आग्रह. किनारा आणि खडक यांच्यामध्ये भर दुपारी नुसती ओली वाळू पसरलेली होती. मंडळी वाळूत उतरणार, तोच सुकट वाळत घालणाऱ्या इंदूबाईंनी हटकले, की तीनच्या आत मागे फिरा. नंतर पाणी भरते.

बळीराम थबकले. समोरच्याचा मुद्दा खोडल्यावाचून पुढचे पाऊल टाकणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. भरती पौर्णिमेची आणि अमावास्येची, हे ते शाळेत शिकले होते. म्हणजे पंधरा दिवसांचे आवर्तन, हुबेहूब कालव्यासारखे. आज सप्तमी, सबब पुढले पाणी सुटायला आठ दिवस अवकाश!

“बाई, दोन आवर्तनांच्या मधात पाणी येतच नसते,” ते समजुतीने म्हणाले. “बावीस वर्षं हेच काम करून राह्यलो मी.”

इंदूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, सत्यशीलाबाईंकडे जरा अधिक वेळ पाहिले, आणि त्या पुन्हा सुकट पसरू लागल्या.

खडकावर भिंतींचे पाये, स्तूपाचा निम्मा चौथरा आणि दगडात कोरलेले एक टाके उरले होते. पोरींनी खोल्या वाटून घेतल्या आणि कोपऱ्यातली खोली कोणाची यावरून त्यांचे भांडण जुंपले. डबा खाऊन झाल्यावर बळीरामांनी टाक्याची पन्हळ तपासली आणि भिक्खूंनी उतार अचूक दिला आहे, असा निर्वाळा दिला. साडेतीनच्या सुमारास उर्वशीने सांगितले, की आपण आलो त्या वाटेवर पाणी येऊन राह्यलं आहे.

पाझर असेल, असे बळीराम म्हणाले. तरी खातरी असावी म्हणून त्यांनी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. दहा मिनिटांत तो बुडाला. दुसरा ठेवला, तो सातच मिनिटे टिकला. तिसरा हातात असतानाच पाय ओले झाले. वरच्या अंगाने कोणीतरी कालव्याचे दार उघडले असावे, हा त्यांचा पुढला तर्क.

“वरच्या अंगाले कोण हाये?” सत्यशीलाबाईंनी विचारले. “वरच्या अंगाले तं आपलं दारव्हाच हाये.”

आता चहूकडे पाणी होते. उरलेल्या तीन पोळ्या बळीरामांनी फडक्यात बांधून आपल्या ताब्यात घेतल्या. इंद्रजितांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. चौथऱ्यावर चढून त्यांनी पांढरा दुपट्टा जिवाच्या आकांताने हलवला. किनाऱ्यावरच्या प्रवाशांनी मोठ्या प्रेमाने हात हलवून त्याला उत्तर दिले.

ते खाली उतरले आणि पत्नीपाशी येऊन हळूच म्हणाले, “माह्यं चुकलं.”

चौदा वर्षांच्या संसारात हे वाक्य प्रथमच कानी येत होते. सत्यशीलाबाईंनी पोरींना गप्प बसायला सांगितले आणि ते पुन्हा म्हणवून घेतले.

साडेपाचच्या सुमारास इंदूबाई येताना दिसल्या. होडीतून नव्हे, चालत! डोक्यावर रिकामी पाटी, आणि पाणी जेमतेम गुडघ्यांपर्यंत. गेलेली माणसे फिरली नाहीत म्हणून त्या पाहायला आल्या होत्या. सप्तमीचे पाणी थोडेच असते, पण अजून वीतभर चढेल, तेव्हा आत्ताच निघा, असे म्हणून त्यांनी चपला आणि डबा पाटीत घातला. सत्यशीलाबाईंनी निऱ्या खोचल्या आणि उर्वशीचा हात धरून त्या निघाल्यासुद्धा.

बळीरामांनी शब्द स्मरून पायलला खांद्यावर घेतले आणि उजवे पाऊल पाण्यात टाकले. लाट मागे फिरली, तशी तळव्याखालची वाळूही तिच्यासंगे निघाली. बावीस वर्षे त्यांनी पाण्यावर हुकूम चालवला होता, पण काठावरून. पाण्यात ते कधी उतरलेच नव्हते! ते मागे सरले, पुन्हा उतरले, पुन्हा मागे सरले. अखेर लाकडी पुलाशी अडलेल्या बैलासारखे ते जागच्या जागी उभे राहिले. पाणी मात्र चढत होते.

पायल खांद्यावरून घसरून खाली उतरली. तिने फ्रॉक खोचला, पाण्यात उभी राहिली आणि हात पुढे केला.

“मामा, खाली नका पाहू. माह्यं बोट धरा.”

बळीरामांनी एकदा दिलेल्या शब्दाचा विचार केला, एकदा पाण्याचा. आणि बोट धरले. साऱ्या वाटेने त्यांनी आकाशाखेरीज काही पाहिले नाही.

वाळूवर पाय टेकतो न टेकतो तोच सत्यशीलाबाईंच्या पिशवीतला फोन वाजला. सहा. फोन पायलने घेतला. मांड्यांपर्यंत भिजलेले बळीराम तिच्याकडे पाहून डोळ्यांनी अजिजी करू लागले. पलीकडून इंद्रजितांचा खणखणीत आवाज आला, “मामानं तुले पाण्यात नेलं काय?”

पायलने क्षणभर विचार केला. खोटे बोलण्याची तिला सवय नव्हती.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “मीच मामाले नेलं.”

मग पलीकडून, मामा कुठे आहेत, अशी पृच्छा झाली.

“इथंच हायेत,” पायल म्हणाली. “माह्यं बोट अजून सोडलं नाही त्याइनं.”