अनोळखी जीवास ठेवून घेण्याचे नियम

कोणताही अनोळखी जीव घरात शिरला की आधी त्याची ओळख पटवावी व मगच त्याच्याशी कसे वागायचे ते ठरवावे, हा शहाणपणाचा नियम सर्व सुधारलेल्या देशांत पाळला जातो. अकोल्याच्या जुन्या शहरात तो जरा जास्तच पाळला जातो. तिथे नळाला पाणी अर्धा तास येते; चौकशी मात्र दिवसभर सुरू असते.

देवमनला या नियमाचा चांगला अनुभव होता. सन एकसष्टच्या मार्चमध्ये अमरावतीहून बदली होऊन तो अकोल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून आला. बायको सुंदराबाई आणि सहा वर्षांची मुलगी बार्शीटाकळीला, सुंदराबाईच्या भावाकडे. जूनमध्ये पोरीला अकोल्याच्या शाळेत घालायचे, तर त्याआधी बिऱ्हाड हवे. दीड महिन्यात त्याने सात खोल्या पाहिल्या. सातही रिकाम्या होत्या. त्याने आडनाव सांगितले की त्या भरत. (तीन खोल्यांत घरमालकाचा मेहुणा, दोन खोल्यांत पुतण्या, एकीत कडबा, आणि एकीत म्हणे भूत.) नुसत्या आडनावाच्या उच्चाराने इतकी घरे वसवणारा माणूस घरबांधणी खात्यातही नव्हता.

आठवी खोली नत्थुजींची. नत्थुजी हा भला माणूस. (हे उपरोधाने लिहिलेले नाही. खात्री नसेल तर शेवटपर्यंत वाचावे.) खारपाणपट्ट्यात त्यांची काळीभोर जमीन होती आणि मोर्णा नदीच्या काठी दुमजली घर. आदल्या महिन्यात ते मुंबईला जाऊन मत्स्यालयातला काचेमागचा समुद्र पाहून आले, आणि तसाच समुद्र आपल्या ओसरीत असावा असे त्यांच्या मनाने घेतले. अकोल्यापासून समुद्र साडेतीनशे मैल दूर आहे, ही अडचण एखाद्या कोकणातल्या माणसाला आडवी आली असती. नत्थुजींच्या शेतातल्या विहिरीचे पाणी मुळातच इतके खारट होते की तीन पिढ्यांनी ते तोंडात घेऊन थुंकले होते. चौथ्या पिढीत त्याचे चीज झाले. पत्र्याच्या चौकटीत काचा बसवून, फटी लांबीने बुजवून पेटी तयार झाली, बैलगाडीने पाणी आले, आणि कमी पडलेले मीठ नत्थुजींच्या पत्नी सुभद्राबाईंनी आमटीच्या अंदाजाने घातले. चव बरोबर आहे की नाही हे नत्थुजी सांगत, कारण चौपाटीवर ते चुकून एक घोट समुद्र गिळून आले होते.

मुंबईहून ओल्या गोणपाटात गुंडाळून एक भोकाभोकांचा समुद्री दगडही आला. मोर्णेतले चार मासे सोडले. तिघांनी संध्याकाळपर्यंत राजीनामे दिले, चौथा टिकला. आणि पाचव्या दिवशी सकाळी दगडाच्या एका भोकातून शेवयांसारख्या सहा मिशा बाहेर आल्या. तोंड नाही, डोळे नाहीत, नुसत्या मिशा.

नेमक्या त्याच वेळी देवमन खोली विचारायला दारात उभा राहिला. नत्थुजी हातात चिमटा घेऊन पेटीवर वाकले होते.

"हात नका घालू जी!" देवमन ओरडला. "काय आहे ते मालूम नाही, अन् हात काहून घालता?"

चिमटा थांबला. "तुमाले कळते का यातलं?"

"कॉलेजात प्रयोगशाळेत असतो मी."

"मंग या ना मास्तर, आत या!"

अशा रीतीने आडनावाचा प्रश्न आठ खोल्यांत प्रथमच मागे पडला. देवमनला ओसरीलगतची खोली तात्पुरती मिळाली, काम एवढेच की त्या जीवावर लक्ष ठेवायचे. त्याने दगड काचेच्या बरणीत वेगळा काढला आणि भिंतीवर कागद चिकटवला:

१. अनोळखी जीव दिसताच मारू नये.
२. आठ दिवस वेगळा ठेवावा व दुरून पाहावा.
३. तो काय खातो आणि कोणाला त्रास देतो, एवढेच लिहून ठेवावे.
४. त्रास देत नसल्यास राहू द्यावे.

नत्थुजींनी हे नियम चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाले, "वा! कायदा असावा तं असा."

आठ दिवसांत बरणी पाहायला एकसष्ट माणसे येऊन गेली. पैकी एकोणीस जणांनी तो जीव गांडूळ ठरवला, अकरा जणांनी गोगलगाय, एकाने देवीचा कोप, आणि उरलेल्या तिसांनी "मुंबईचा दिसते" एवढ्यावर चौकशी संपवली. शेजारचे निवृत्त पटवारी महादेवराव यांची पद्धत वेगळी. ते बरणीला नाक लावून विचारत, "गाव कोणतं याचं? सोयरे कोण?" त्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूचे सोयरे कळल्याशिवाय जेवण जात नसे. तो प्रश्न ऐकला की देवमन बरणीचे पाणी बदलायला उठायचा. आठ दिवसांत त्याने ते चौदा वेळा बदलले.

मुंबईच्या एका तज्ज्ञाला त्याने कार्डही टाकले होते. सहाव्या दिवशी उत्तर आले: नाव कळण्यासाठी नमुना स्पिरिटमध्ये बुडवून पाठवावा.

"म्हंजे मारून?" नत्थुजी कळवळले. "नाव कळायसाठी जीव घ्या लागते का मास्तर? नसलं नाव मालूम तं काय अडलं? जिवाची करणी पाहा, नावाचं काय लोणचं घालायचं हाय?"

देवमनचे डोळे भरून आले. दीड महिन्यात इतके चांगले वाक्य त्याने ऐकले नव्हते. त्याच दुपारी त्याने बार्शीटाकळीला पत्र टाकले: खोली मिळाली, बहुतेक. मग 'बहुतेक' खोडले.

आठव्या दिवशी निकाल लागला. तो जीव तळाचा गाळ खात होता, कोणाला चावत नव्हता. नत्थुजींनी स्वतः दगड उचलून पेटीत ठेवला. मिशा बाहेर आल्या, चौथा मासा त्यांच्याजवळून शांतपणे गेला. सुभद्राबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

"राहू द्या बिचाऱ्याले," नत्थुजी म्हणाले. "कोनाचं काय खाते? अन् मास्तर, तुमीबी आता बायकोपोरीले घेऊन या. खोली तुमचीच समजा."

महादेवरावांनी साखर तोंडात टाकली. "या, या. आडनाव काय म्हनलं मास्तर तुमी?"

बदलण्यासारखे पाणी आता कुठे उरले नव्हते. देवमनने आडनाव सांगितले.

सुभद्राबाई साखरेची वाटी घेऊन आत गेल्या. नत्थुजी माशाकडे वळले.

"मास्तर, तसं काई नाही," ते माशाकडे पाहत म्हणाले. "पन माहा साळा येऊन राह्यला परतवाड्याहून. त्याले खोली लागते."

"साळा काय खाते, कोनाले चावते, पाह्यलं का आठ दिवस?" देवमनने विचारले. मग पेटीकडे बोट केले. "अन् याचं आडनाव विचारलं का तुमी?"

नत्थुजींना खरोखर वाईट वाटले. "त्याले काय विचारता मास्तर? मुकं जनावर हाय ते."

देवमनने ट्रंक उचलली. भिंतीवरचा कागद त्याने काढला नाही. नत्थुजींनी तो पुढे काचेत मढवून घेतला, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते तो अभिमानाने वाचून दाखवत. तो जीव पुढे तीन वर्षे सुखाने नांदला. त्याचे नाव शेवटपर्यंत कोणाला कळले नाही, त्यामुळे त्याला कोणी उठवले नाही.

देवमनचे आडनाव या कथेत कुठेही दिलेले नाही. वाचताना ज्यांनी त्याचे नाव, बायकोचे नाव आणि गाव जुळवून ते मनातल्या मनात लावून पाहिले, त्यांनी संकोच करू नये. ही पद्धत महादेवरावांचीच आहे आणि ती फार जुनी आहे. तुमच्या घरी खोली रिकामी असल्यास कळवावे. मेहुणा यायचा असल्यास तो केव्हा येणार, तेही कळवावे.