एक्सपायर आणि डाय

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी वारलं की केळुसकर काका आधी ओला पंचा घेऊन जिन्याखालच्या फळ्याकडे जात, आणि मग मयताच्या घरी. फळ्यावर मी, म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, इंग्रजीत लिहिलेलं असे की अमुक मजल्यावरचे अमुक गृहस्थ 'एक्सपायर' झाले. बिल्डिंगमध्ये गुजराती होते, तमिळ होते, म्हणून इंग्रजी. काका तेवढा एक शब्द पुसून तिथे 'डाइड' लिहीत आणि उरलेला खडू माझ्या हातात ठेवत.

"माणूस होता रे तो. खोकल्याचं औषध नव्हे."

काकांची सगळी नोकरी एका औषध कंपनीत गेली. बॅग घेऊन अंधेरीपासून घाटकोपरपर्यंतची केमिस्टची दुकानं फिरायची, आणि मुदत संपलेल्या बाटल्या परत उचलून आणायच्या. रिटायर झाल्यावर बाटल्या सुटल्या, शब्द सुटला नाही.

"एक्सपायर कोण होतं? ज्याच्यावर तारीख छापलेली असते ते. औषध, लायसन, रेल्वेचा पास. डाय होतो माणूस. त्याच्या पाठीवर तारीख छापलेली असते काय?"

मी एकदा डिक्शनरी नेऊन दाखवली. दोन्ही शब्दांचा अर्थ 'मरणे' असाच दिला होता. काकांनी चष्मा लावून ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ह्या लिहिणाऱ्याने दुकानं फिरलेली नाहीत."

पोस्टात कुणाच्या तरी तारेचा मजकूर वाचून ते काउंटरवर भांडून आले होते. विम्याच्या ऑफिसात मात्र त्यांनी कारकुनाचं कौतुक केलं. तो 'पॉलिसी एक्सपायर झाली' असं म्हणाला होता. शब्द योग्य जागी वापरणारा एक तरी माणूस मुंबईत शिल्लक आहे, याचा आनंद त्यांना आठवडाभर पुरला.

दुसऱ्या मजल्यावरच्या शहांचे वडील गेले तेव्हा मात्र कठीण झालं. खाली तिरडी बांधणं चालू होतं. काकांनी शब्द बदललेला शहांनी पाहिला आणि ते आधीच रडवेले, आता लालच झाले.

"काका, डाइड कितना खराब लगता है. कुत्ता-बिल्ली के माफिक. एक्सपायर में थोडी इज्जत है."

"इज्जत?" काकांचा आवाज चढला. "तुम्हारा बाप क्या सिरप का बाटली था? चाळीस साल धंदा किया, दो लडकी का शादी किया, और तुम उसको दुकान में वापस भेजता है?"

तिरडी बांधणारे सुतळी हातात धरून थांबले. शहा काकांच्या अंगावर जायला निघाले. मी मध्ये शिरलो, पंचा हिसकावून घेतला, काकांचा शब्दही पुसून टाकला आणि 'इज नो मोर' लिहिलं. दोघांनी ते निरखून पाहिलं.

"हे चालेल," काका म्हणाले, आणि खांदा द्यायला सगळ्यांत पुढे उभे राहिले. शहा पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. श्रावणात एका दुपारी काका माझ्या घरी आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "फोन बुक करायचाय. तू चल माझ्याबरोबर. तिथली माणसं मला समजायची नाहीत."

मला नवल वाटलं. फोन म्हणजे शेजाऱ्यांची सोय आणि आपली कटकट, असं त्यांचं ठाम मत होतं.

"सुमतीची बहीण बोरिवलीला असते, शालू. तिच्याकडे फोन आहे. सुमतीला आता जिने उतरवत नाहीत. घरबसल्या बोलतील दोघी."

सुमतीकाकूंचं हृदय अधू होतं. हल्ली त्या गॅलरीत उशीला टेकून बसलेल्या असत.

"काका, आत्ता बुक केलात तर नंबर लागायला सात-आठ वर्षं लागतील."

"ठाऊक आहे."

ते खुर्चीत टेकले. मग एकदम तापून बोलू लागले.

"सकाळी तिला मोठ्या डॉक्टरकडे नेली होती. मला बाजूला घेतलं आणि सांगतो कसा, दिवाळीपर्यंत धरून चाला. हा कोण दिवाळी सांगणारा? बाटलीवर शिक्का मारतात तसा बोलला रे. मी एक शब्द बोललो नाही. मी." त्यांनी पंचाने तोंड पुसलं. "ती बाहेर बाकावर बसली होती. म्हणाली, काय म्हणाले डॉक्टर? मी सांगितलं, फोन घ्या म्हणाले."

आम्ही त्याच दिवशी गेलो. कारकुनाने विचारलं, फोन कुणाच्या नावावर? काका म्हणाले, "सौ. सुमती केळुसकर," आणि तो नीट लिहितो की नाही ते वाकून पाहिलं.

काकूंनी ती दिवाळी पाहिली. गॅलरीत स्टुलावर बसून स्वतः पणत्या लावल्या. काकांनी डॉक्टरला फराळाचा डबा नेऊन दिला, आणि देताना काहीतरी लागट बोलून आले असावेत, कारण खूश होते. पुढच्याही दोन दिवाळ्या झाल्या. मग एका दुपारी काकू झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

फोन येईपर्यंत मध्ये बरीच वर्षं गेली. माणसं येऊन तो जोडून गेली तेव्हा काकांनी मला बोलावलं. आकडे बारीक दिसतात म्हणाले. मी बोरिवलीचा नंबर फिरवून दिला. पलीकडून आवाज आल्यावर काकांनी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. मग खुर्चीत बसले, गॅलरीकडे पाठ करून.

"गो शालू," ते म्हणाले, "गुडघो कसो आसा तुझो? तेल लावतंस मां?"

मग तिच्या सुनेची चौकशी केली, नातवाच्या शाळेची केली, वड्यांना कोणतं पीठ घेतलंस तेही विचारलं. आयुष्यात कधी कुणाला न विचारलेल्या गोष्टी ते एकेक आठवून विचारत होते. मी दार ओढून घेतलं आणि खाली आलो.